मित्र बसला पूर्वपक्षाला

आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ. चार-पाच मित्रमैत्रिणी एका टेबलाभोवती डोकी जुळवून बसलेली असतात. समोर कागद, पेन्सिल आणि ज्याच्या त्याच्या आवडीचा पेला. माईकवरून प्रश्न येतो. कुजबुज सुरू होते. 'थांबा, थांबा, मला येतंय,' म्हणत एकजण कपाळावर हात मारतो आणि नेमके त्यालाच ते आठवत नाही. 'पब क्विझ' म्हणतात तो हाच प्रकार. इंग्लंडमध्ये १९७०च्या दशकात तो फोफावला. आठवड्याच्या मधल्या ओस रात्री गिऱ्हाईक यावे, हा पबवाल्यांचा साधा सरळ हिशेब. पण मित्रांच्या टोळ्यांनी तो खेळ असा काही मनावर घेतला, की जिंकल्याचे बक्षीस किरकोळ आणि हरल्याची हळहळ आठवडाभराची!

आपल्याकडे क्विझ आली ती जरा सोवळ्या वाटेने. १९६७ साली कलकत्त्यात नील ओब्रायन यांनी पहिली रीतसर क्विझ घेतली, ती एका चर्चच्या सभागृहात. मग रेडिओवर बोर्नव्हिटा क्विझ आली. हमीद सयानी आणि त्यांच्यामागून अमीन सयानी यांच्या आवाजाने कितीतरी घरांतली मुले रेडिओला कान लावून बसू लागली. १९८५मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा 'क्विझ टाइम' सुरू झाला, २००० साली 'कौन बनेगा करोडपती'. पबमधली क्विझ त्यानंतर मोठ्या शहरांतून रुळली.

आता असे काही निघाले, की 'यात नवीन ते काय, आमच्याकडे हे हजार वर्षांपूर्वीच होते,' असे सांगणारे कुणीतरी भेटतेच. काशीचा शास्त्रार्थ म्हणजे जुन्या काळची क्विझच, असे एक वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते. ते खरे नाही. दोहोंत साम्य आहे, नाही असे नाही. मित्रांचे टोळके आहे, ठरलेले दिवस आहेत, बघे आहेत, बिदागी आहे. पण क्विझमध्ये उत्तर दिले की प्रश्न संपतो. शास्त्रार्थात उत्तर दिले की खरी पंचाईत तिथून पुढे सुरू होते.

हे समजून घ्यायला मुन्शी घाट बरा. काशीत दशाश्वमेधावरून दक्षिणेकडे नदीकाठाने चालू लागले, की शीतला घाट, अहल्याबाई घाट आणि मग मुन्शी घाट. नावावरून कुणा उत्तरेकडच्या रईसाचा वाटावा, पण हा घाट आपल्या नागपूरचा. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातले मंत्री श्रीधर मुन्शी यांनी तो १८१२च्या सुमारास बांधला. पुढे १९१५मध्ये दरभंग्याच्या महाराजांनी त्याचा एक भाग घेतला आणि तेवढ्याला दरभंगा घाट हे नाव पडले. तिथला नदीवर ओणवलेला उंच दगडी वाडा आता हॉटेल झाला आहे. शेजारचा घाट इंदूरच्या अहल्याबाईंचा. आणखी उत्तरेला गेले तर शिंद्यांचा घाट, भोसल्यांचा घाट, आणि पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्मघाट या भागातली मराठी घरे. पुण्याहून, नागपूरहून, इंदूर-ग्वाल्हेरहून आलेला पैसा काशीत नुसत्या पायऱ्यांत नाही गेला. त्यातून अन्नछत्रे चालली, आणि अन्नछत्रांवर विद्यार्थी जगले.

घर सोडून काशीला निघालेल्या मुलाची शिदोरी वाटेतच संपत असे. काशीत पोचल्यावर जेवण छत्रात, झोप कुणाच्या तरी ओसरीवर आणि शिक्षण गुरूच्या घरी. फी नाही, हजेरी नाही, परीक्षेचा कागदही नाही. मग कुणाला किती येते ते कळायचे कसे? त्यासाठीच शास्त्रार्थ.

पंधरवड्यात काही तिथी अनध्यायाच्या असत. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा किंवा अमावास्या आणि तिच्या दुसऱ्या दिवशीची प्रतिपदा. त्या दिवशी गुरू नवा पाठ द्यायचे नाहीत. म्हणजे साधारण आठवड्याला सुट्टी आलीच म्हणायची. पण पंचांगाने नव्या पाठाला बंदी केली तरी झालेल्या पाठावर भांडायला कोण अडवणार? बरोबरीचे विद्यार्थी बसत आणि वाटणी होई. एकाने पूर्वपक्ष घ्यायचा, म्हणजे शंका काढायची, आक्षेप घ्यायचा. दुसऱ्याने उत्तरपक्ष सांभाळायचा. तिसरा मध्यस्थ. पुढच्या वेळी भूमिका उलट. काल जे मत हिरिरीने मांडले ते आज तितक्याच हिरिरीने पाडायचे. एका जुन्या सुभाषितात विद्येचे चार वाटे सांगितले आहेत. एक वाटा गुरूकडून मिळतो, एक स्वतःच्या बुद्धीतून, एक काळाच्या ओघात आणि एक बरोबर शिकणाऱ्यांकडून. गुरूला आणि सोबत्याला तिथे सारखाच वाटा दिला आहे. सोबतीच्या पोराला पाव हिस्सा देणारी शिक्षणपद्धती आजच्या कुठल्या क्लासच्या जाहिरातीत सापडेल असे वाटत नाही.

या वादाचे नियम मात्र बारीक होते. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःचे काहीच न मांडता समोरच्याचे नुसते मोडत बसणे, ती वितंडा. आपला 'वितंडवाद' तिथूनच आला. घरोघरी तो जेवणाच्या ताटावर नित्य चालतो, त्याचे घराणे इतके जुने आहे.

याच सूत्रांत 'निग्रहस्थाने' दिली आहेत, म्हणजे वाद हरल्याची ठिकाणे. ती एकूण २२. कबड्डीत गडी कशाकशाने बाद होतो याची यादी असते, तसलाच प्रकार. ती वाचताना गंमत वाटते आणि थोडी भीतीही. उत्तर सुचले नाही तर हार, हे ठीकच आहे. क्विझमध्येही तेच होते. पण विषय सोडून भलतेच बोललात, हार. आपलेच आधीचे विधान गुपचूप बदललेत, हार. तेच ते पुन्हा म्हणालात, हार. तीनदा सांगूनही सभेला आणि प्रतिपक्षाला कळणार नाही असे बोललात, तरी हार! मोठमोठे शब्द फेकून समोरच्याला गप्प करण्याची सोयच ठेवलेली नाही. 'अहो, मला जरा काम आहे, निघतो' असे म्हणून चर्चा मध्येच तोडणे हीसुद्धा हार; तिला 'विक्षेप' असे भारदस्त नाव आहे. आपल्यावरचा दोष खोडून काढण्याऐवजी 'मग तुमच्यातही तोच दोष आहे' असे उलटून म्हणणे ही 'मतानुज्ञा', कारण असे म्हणणाऱ्याने स्वतःचा दोष कबूलच केलेला असतो. टीव्हीवरच्या रात्रीच्या चर्चांना हा एवढा एक नियम लावला, तरी किती पाहुणे शेवटपर्यंत खुर्चीत उरतील कोण जाणे.

समोरच्याने चूक केली आणि ती तुमच्या लक्षात आली नाही, तर हार तुमची. चूक नसताना चूक काढलीत, तरी तुमचीच. आणि सगळ्यांत अवघड नियम 'अननुभाषणा'चा. प्रतिपक्षाने आपले म्हणणे तीनदा सांगितले, सभेला ते कळले, आणि तरीही तुम्हाला ते स्वतःच्या तोंडाने पुन्हा मांडता आले नाही, तर तुम्ही तिथेच बाद. म्हणजे खोडून काढण्याआधी समोरच्याचे ऐकणे सक्तीचे. पाठांतरावर इथे निभत नाही, कारण समोरचा काय म्हणणार ते आधी पाठ करता येत नसते. त्यासाठी रोज उलट बोलणारा एक मित्र लागतो.

पळवाटा अर्थात याही व्यवस्थेत होत्या. काही पंडित वादात उपयोगी पडणाऱ्या कोट्या आणि त्यांची उत्तरे सुट्या पानांवर लिहून ठेवत. त्यांना 'क्रोडपत्र' म्हणत. ती गुरूकडून शिष्याकडे जात. थोडक्यात, गाइडच. माणसाची जात सगळीकडे सारखीच!

या आखाड्यात मराठी मंडळींनी नाव काढले. सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वर भट्ट काशीला जाऊन राहिले. त्यांचे चिरंजीव नारायण भट्ट यांनी तोडरमलाच्या घरी श्राद्धप्रसंगी जमलेल्या सभेत मिथिला आणि गौड देशांच्या पंडितांना जिंकल्याची हकीकत आहे. ती लिहिली नारायण भट्टांच्या मुलाने, शंकर भट्टांनी. तेव्हा निकाल वेगळा लागला असता तर ती लिहिली गेली असती का, हा प्रश्न वाचकाने मनात ठेवावा. पण घराण्याचा दबदबा खराच होता. कमलाकर भट्टांचा 'निर्णयसिंधु' (१६१२) याच घराण्यातला, आणि १६७४मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक करणारे गागाभट्टही याच घराण्यातले. त्या अभिषेकामागेही एक शास्त्रार्थच उभा होता. महाराजांना तो अधिकार आहे की नाही, हे आधी ग्रंथांच्या आधारे सिद्ध करावे लागले. पुढे नागेश भट्ट काळे यांच्या 'परिभाषेन्दुशेखर' या व्याकरणग्रंथाने विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्यांना घाम फोडला. तो आपल्याला 'लागला' असे सांगणाऱ्याला सोबती लगेच पूर्वपक्षाला बसत.

हरले तर काय जात असे? पबमध्ये फार तर बिलाचा वाटा अंगावर पडतो. शास्त्रार्थात बिदागी जाई, गुरूचे नाव जाई, आणि कधीकधी घरदारही पणाला लागे. अनंतशास्त्री डोंगरे यांचे उदाहरण आहे. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. एवढ्यावरून गहजब झाला आणि उडुपीच्या धर्मपीठापुढे त्यांना जाब द्यावा लागला. ग्रंथांचे आधार दाखवून त्यांनी पंडितांच्या सभेला उत्तर दिले. ते देता आले नसते तर बहिष्कार ठरलेला होता. लक्ष्मीबाई पुढेही शिकत राहिल्या आणि आपल्या मुलीला त्यांनी स्वतः शिकवले. ही मुलगी वीस वर्षांची असताना, १८७८मध्ये, कलकत्त्याच्या पंडितांनी तिची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पंडिता रमाबाई त्या याच.

काशीतला सर्वांत गाजलेला सामना याच्या नऊ वर्षे आधीचा, १६ नोव्हेंबर १८६९चा. दुर्गाकुंडाजवळच्या आनंदबागेत एका बाजूला एकटे स्वामी दयानंद, दुसऱ्या बाजूला स्वामी विशुद्धानंद आणि काशीचे पंडित. त्यांत आपले बाळशास्त्री रानडे होते, वय अवघे तीस. अध्यक्षस्थानी काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह. प्रश्न असा, की मूर्तिपूजेला वेदांचा आधार आहे का? भोवती तोबा गर्दी. वाद वेदांवरून धर्माच्या लक्षणांकडे, तिथून पुराणांकडे सरकत गेला. दिवस मावळला. पंडितांच्या बाजूने दयानंदांच्या हाती काही पाने दिली गेली. अंधुक उजेडात ते ती वाचत असतानाच विशुद्धानंद उठले, पंडित उठले, टाळ्या झाल्या आणि जय जाहीर झाला. दयानंदांच्या अनुयायांच्या वृत्तांताप्रमाणे त्यांच्यावर दगडविटाही आल्या. दोन्ही बाजूंनी आपापले वृत्तांत छापले आणि दोन्ही बाजू आपणच जिंकल्याचे सांगत राहिल्या.

शास्त्रार्थाची सगळी दुबळी बाजू त्या एका संध्याकाळी उघडी पडली. २२ निग्रहस्थाने ग्रंथात होती, पण ती मोजणारा मध्यस्थ राजा होता, आणि राजालाही गाव सांभाळायचे होते. पबमधला क्विझमास्टर निदान उत्तरांचा कागद हातात घेऊन बसतो. गर्दीचा कल पाहून तो गुण देत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. या सभेत कोण बसू शके? छत्रातली पंगत, गुरूची ओसरी, वादाची बैठक, सगळे काही ठरावीक जातींच्या पुरुषांपुरते. म्हणूनच पतंजलीने 'महाभाष्या'त सांगितलेला किस्सा फार बोलका वाटतो. एक वैयाकरण रथाच्या सारथ्याला विचारतो, या रथाचा 'प्रवेता' कोण? सारथी म्हणतो, मी याचा 'प्राजिता'. वैयाकरण नाक मुरडतो, हा शब्द अशुद्ध आहे. सारथी शांतपणे सांगतो, महाराज, तुम्हाला नियम ठाऊक आहे, पण लोक कसे बोलतात ते ठाऊक नाही. वैयाकरण चिडून त्याला एक वाईट विशेषण लावतो. सारथी त्या शिवीचीही व्युत्पत्ती चुकल्याचे दाखवून बरोबर शिवी कोणती ते सांगतो! दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ग्रंथात घोडे हाकणारा माणूस पंडिताला हरवतो. आणि तो ग्रंथ मुखोद्गत केलेल्या मंडळींनी पुढे शतकानुशतके कुठल्या सारथ्याला सभेत बसू दिले नाही.

क्विझचे मोठेपण नेमके इथे आहे. तिथे गोत्र विचारत नाहीत. २०१९ साली अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी 'कौन बनेगा करोडपती'त १ कोटी रुपये जिंकले. शाळेतल्या मुलांची खिचडी शिजवणाऱ्या बाई. त्यांना कुणाच्या शिफारशीची, कुणाच्या घराण्याची गरज पडली नाही. उत्तर बरोबर होते, बस्स. शास्त्रार्थाकडे हा मोकळेपणा नव्हता, आणि शास्त्रार्थातली ऐकून घेण्याची शिस्त क्विझकडे नाही. टेबलाभोवतीच्या मित्रांना एकमेकांचे पटवून द्यावे लागते तेवढेच. 'अरे, ती नदी नसणार, कारण...' हे 'कारण' ज्या टेबलावर ऐकून घेतले जाते, तिथे मात्र थोडासा शास्त्रार्थ शिल्लक असतो.

काशीत पुढे काय झाले? १८६९च्या वादानंतर शंभर वर्षांनी त्याच गावात एक वेगळेच उत्तर तयार झाले. दयानंदांच्या परंपरेतले व्याकरणपंडित ब्रह्मदत्त जिज्ञासू यांच्या दोन शिष्या, प्रज्ञादेवी आणि मेधादेवी या बहिणींनी १९७१मध्ये वाराणसीत पाणिनि कन्या महाविद्यालय सुरू केले. तिथे मुली पाणिनीची 'अष्टाध्यायी', म्हणजे सुमारे ४००० सूत्रे, तोंडपाठ करतात, वेदमंत्र म्हणतात, यज्ञही चालवतात. उडुपीला अनंतशास्त्र्यांना ज्या गोष्टीसाठी सभेपुढे उभे राहावे लागले, ती इथे सकाळच्या वेळापत्रकात आहे.

आणि जुना आखाडा? तो वर्षातून एकदा गजबजतो. श्रावणात नागपंचमीला जैतपुऱ्यातल्या नागकुआँवर संस्कृतचे विद्यार्थी शास्त्रार्थाला जमतात. पतंजली हा शेषाचा अवतार अशी श्रद्धा, आणि या खोल कुंडाशी त्याचे नाव जोडलेले, म्हणून जागा ही. त्या सकाळी काशीच्या गल्ल्यांतून पोरे नागाची चित्रे विकत फिरतात आणि 'छोटे गुरूंचा नाग, बडे गुरूंचा नाग' असा पुकारा करतात. छोटे गुरू म्हणजे पतंजली आणि बडे गुरू म्हणजे पाणिनी, असे जाणकार सांगतात. चित्र घेणाऱ्या बायका ते दाराला चिकटवतात, दूध-लाह्यांच्या तयारीला लागतात. तिकडे कुंडाजवळ दोन मुले समोरासमोर मांडी घालतात. एकजण सूत्र म्हणतो, दुसरा शंका काढतो. बहुधा दोघेही एकाच पाठशाळेचे, एकाच खोलीत राहणारे, आणि आदल्या रात्री एकमेकांची तयारी करून घेतलेले असतात.